डाळीचं पाणी

जिंतूरला घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी चिनीमातीचे कप करते. पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची, कडेला थर धरला की उरलेली माती बादलीत ओतून घ्यायची. पण त्या महिन्यात माती बादलीतच दह्यासारखी घट्ट व्हायला लागली. तिला पातळ ठेवणारं सोडियम सिलिकेट वाढवलं, तरी तेच. जास्त पाणी घातलं, तर कप वाळताना तडकले. माती पाठवणाऱ्या दुकानदाराला मी फोनवर वाट्टेल ते बोलले आणि तडकलेले कप एकेक करून टोपल्यात आपटले.

साचे पुसायला येणाऱ्या मावशी बघत होत्या. त्यांच्या घरी धडका मारणाऱ्या शेळ्या आहेत, त्यामुळं कुणाच्या आदळआपटीनं मावशी बिचकत नाहीत.

"पाणी कुठलं घालायलाव?" त्यांनी विचारलं.

"बोअरचं."

"त्यात डाळ तरी शिजती का, ताई?"

हातातला कप मी खाली ठेवला. बोअरच्या जड पाण्यात डाळ टणक राहते, म्हणून वरणासाठी मी स्वतः रोज विहिरीची कळशी आणते. मातीला मात्र तेच जड पाणी पाजत होते, कारण महिन्यापूर्वी घेतलेल्या बोअरचा नळ खोलीच्या दारातच होता.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्यात नवी माती कालवली. ती साच्यात दुधाच्या धारेसारखी उतरली. त्यातला पहिला अखंड कप भाजून निघाला, तो मी मावशींना चहासाठी दिला.

मावशी त्यात चहा घेत नाहीत. त्यानं डाळ मापतात.