खंदकातले ओले मोजे

माझे सासरे, दादा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पण युद्धाचे सिनेमे ते कधी पाहत नसत. परवा नातीच्या हट्टाखातर आमच्याबरोबर आले.

पडद्यावर तोफा धडाडल्या तेव्हा मी धास्तावून त्यांच्याकडे पाहिलं. ते शांत होते. मग खंदकातला एक जवान बूट काढून ओले मोजे पिळू लागला, आणि दादांचे डोळे भरून आले.

"दादा, बाहेर जाऊ या का?"

"नको गं. अगदी असंच होतं. कुणीतरी नीट बघितलंय."

तोफा सगळ्याच युद्धपटांत असतात. माणसाचे गारठलेले पाय न विसरणारा एखादाच मनात राहतो.

घरी जाताना रिक्षात दादांनी पहिल्यांदाच नातीला आपल्या खंदकातल्या सोबत्याचं नाव सांगितलं. मला एकदम हलकं वाटलं.