दाजींचा पेंगणारा लॅपटॉप

आमच्या दाजींना भेटायला गेलेला शहाणा माणूस शहाणाच राहून परत आलाय, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहणार विट्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता निघून जातो. घरी थोडी शेती, थोडी मेंढरं. पण सातारा-सांगलीत त्यांना सगळे ओळखतात ते कुस्तीच्या मैदानातले निवेदक म्हणून. यात्रांचा हंगाम लागला की शिराळ्यापासून रहिमतपुरापर्यंत कुठंही मैदान भरो, गुलाबी फेटा बांधून आणि हातात माइक धरून दाजी लाल मातीच्या हौद्याच्या कडेला उभे. स्वतः मात्र जन्मात एकदाच लंगोट लावला आणि सलामी देतानाच पाय घसरून पाठीवर पडले. समोरच्या पैलवानानं अजून बोटही लावलेलं नव्हतं. आता निकाल द्यायचा तरी काय, म्हणून पंच डोकं खाजवत उभे, तोवर दाजींनीच पडल्या जागेवरून ‘चितपट!’ अशी आरोळी ठोकून स्वतःचा पराभव जाहीर केला. ती आरोळी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. वस्तादांनी त्यांना मातीतून उठवलं ते थेट माइकपुढं नेऊन उभं केलं, आणि तेव्हापासून ते तिथंच उभे आहेत.

माणूस दिसला की त्याच्या तीन पिढ्या सांगायच्या, ही दाजींची खोड. त्यांचे आजोबा म्हणे कळपातल्या कुठल्याही कोकराच्या पाठीवर हात फिरवून त्याची आई कोण ते सांगायचे. नातवानं तेच डोकं माणसांना लावलं. आक्काला बघायला आले तेव्हा मध्यस्थ म्हणाला, ‘मुलीला काय विचारायचं ते विचारा.’ दाजी मुलीकडं न बघता माझ्या वडिलांकडं वळले आणि म्हणाले, ‘तुमचं वडील पाटणच्या मैदानात पडलं हुतं न्हवं? घिस्सा डावावर?’ आमच्या घरात त्या कुस्तीचं नावसुद्धा काढायची बंदी होती. वडिलांच्या हातातली बशी तोंडापाशीच थांबली. मी दाराला धरून उभा राहिलो. आता हा माणूस पोह्यांसकट बाहेर जाणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती. तेवढ्यात दाजी शांतपणे म्हणाले, ‘पर पाठ लागली न्हवती. पंचानं घाई केली.’ इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला आसुसलेल्या माझ्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि त्याच बैठकीत सुपारी फोडली. आक्काला स्वयंपाक येतो की नाही, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

हातात माइक नसला तर दाजींना बोलताच यायचं नाही. घरी ती जागा आक्काच्या लाटण्यानं घेतली होती. पाहुणा उंबऱ्यात आला रे आला की दाजी लाटणं तोंडाशी धरून त्याचं गाव, घराणं आणि त्याच्या चुलत्यानं मारलेली कुस्ती जाहीर करायचे, आणि आतून आक्का ओरडायची, ‘आवं, द्या की ते हिकडं! पोळ्या लाटू का तुमचं भाषान ऐकू?’ एकदा ताप आला म्हणून विट्याच्या डॉक्टरांकडं नेलं, तर तिथं ‘डॉक्टरसायबांनी उजव्या अंगानं कब्जा घेतलाय, पेशंट सावध हाय’ असं निवेदन सुरू झालं. डॉक्टरांना हसू आवरेना, हात थरथरायला लागला, आणि शेवटी सुई नर्सबाईंनी टोचली.

असा हा माणूस नव्वदचं दशक सरत आलेलं असताना एका सकाळी साताऱ्यात मी चालवायचो त्या संगणकाच्या वर्गात येऊन थडकला. काखेत फेट्याच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उलगडून पाहतो तर लॅपटॉप! मी थक्कच झालो. आमच्या वर्गात त्या वेळी लॅपटॉप फक्त भिंतीवरच्या चित्रात होता. दाजींचा एक मित्र सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोइमतूरला बसलेला. त्यानं आपला जुना दिला होता. दाजी म्हणाले, ‘पावणं, ह्यात पैलवान भरायचं हायती. समदं. नाव, गाव, वस्ताद, बापजाद्यांसकट.’ मी म्हटलं, ‘दाजी, आवं तुमच्या डोक्यात असताना ह्यात कशाला?’ तर म्हणाले, ‘माझ्यामागं कुणी सांगायचं?’ हे मला इतकं पटलं, की मी पुढं काही विचारलंच नाही. त्यात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी नावं लिहायला शिकवली. दाजी एका बोटानं, पण पेरणीच्या नेटानं पैलवान भरू लागले.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. ‘पावणं, तुमचं यंत्र मैदानात पेंगतंया.’ ऐन कुस्तीच्या तोंडावर पडदा काळा व्हायचा. बटणं दाबून दाबून तो जागा होईपर्यंत खाली एक पैलवान चितपट झालेला असायचा. मी दाजींच्या घरी जाऊन बघितलं. काही वेळ हात लावला नाही की झोपायचं, ही त्याची सवय मोडून टाकली. बॅटरी काढून पुन्हा बसवली. तापत असेल म्हणून खाली पाट दिला. मैदानात वीज लाऊडस्पीकरवाल्याच्या जनरेटरची, तिच्यातच खोट असणार, असं ठासून सांगितलं आणि जनरेटरवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. गावात तर ज्याचं त्याचं निदान तयार होतं. कुणी म्हणे हलगीला भितंय, कुणी म्हणे कोइमतूरचं हाय, त्याला मराठी कळत न्हाई. दाजी मात्र घरी लाटणं तोंडाशी धरून तासभर निवेदन करून दाखवायचे आणि यंत्र डोळ्याची पापणीसुद्धा मिटायचं नाही. मी ज्या विषयाची फी घेऊन शिकवणी घेतो, त्यातलं मला काही कळत नाही, हा धक्का पचवायला मला बरेच दिवस लागले.

शेवटी रहिमतपूरजवळच्या एका यात्रेच्या मैदानाला मी स्वतः गेलो. त्या दिवशी तसं कारणही होतं. दाजींच्या थोरल्या भावाचा मुलगा बिरू पहिल्यांदाच मोठ्या मैदानात उतरणार होता. भाऊ आणि भावजय लवकर गेली, आणि या पोराला आक्कानं आपल्या हातानं भरवून वाढवलं. सांगलीच्या तालमीत घाम गाळून आज त्याची बरोबरीच्या पैलवानाशी जोड लागली होती, आणि चुलता माइकवरून आपलं नाव पुकारणार म्हणून पोरगं आठवडाभर हवेत होतं. आक्काच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता.

मी दाजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पहिली कुस्ती पुकारताना पडदा गेला, दुसऱ्या वेळीही गेला. तिसऱ्या वेळी मी पडदा सोडून दाजींकडं बघितलं, आणि ताडकन उठलो. उजव्या हाताच्या बोटानं बटण दाबताना माइकचा डावा हात ते यंत्राच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवत होते! झाकणात एक बारीक चुंबक असतं. झाकण मिटलं की ते त्या कोपऱ्याशी येतं आणि यंत्राला कळतं, मालकानं आवरलं, आता झोपा. माइकच्या बोंडातही चुंबकच. बिचारं यंत्र दर वेळी मालकाचा हुकूम मानून झोपत होतं. लाटण्याला कुठलं आलंय चुंबक! इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला.

‘दाजी, सापडलं!’ असं मी म्हणतोय, तोवर बिरू हौद्यात उतरला होता. अंगाला माती लावून, छाती काढून तो आमच्याकडं बघत उभा राहिला. पडदा काळाच होता. मला त्याची काळजी नव्हती. आपल्या घरच्या पोराचं नाव सांगायला यंत्र कशाला लागतंय? पण दाजी बोलेनात. हलगी थांबली. मैदान थांबलं. लग्नात, मयतीत, दवाखान्यातसुद्धा गप्प न बसलेला हा माणूस ओठ हलवत उभा होता आणि आवाज येत नव्हता. मग माइक खाली करून ते माझ्या कानाशी वाकले.

‘पावणं, हे पोरगं कुणाचं?’

मला वाटलं थट्टा चाललीय, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते खरंच विचारत होते. मी त्यांचा माइकचा हात बाजूला ओढला आणि बटण दाबलं. यंत्र सावकाश, जांभया देत जागं झालं. दाजींनी बोट ठेवून नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग तो ओळखीचा आवाज कर्ण्यातून घुमला. बिरूचं नाव, त्याचा बाप, त्याचा आजा, सगळं ओळीनं आलं. लोकांना वाटलं, घरचा पैलवान म्हणून चुलत्यानं मुद्दाम ताणलं. टाळ्या पडल्या. बिरूनं ढाक डाव मारून कुस्ती निकाली केली आणि धावत येऊन चुलत्याच्या पायावर डोकं ठेवलं. दाजींनी आधी पडद्याकडं बघितलं, मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मैदान पांगलं. मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. आम्ही दोघं हौद्याच्या कडेला बसून राहिलो. ‘कधीपासनं, दाजी?’ मी विचारलं.

‘गेल्या हंगामापासनं,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर हे भराय घेतलं. कवा येतंय, कवा जातंय. कुणाला बोलू नगासा.’

‘आक्काला?’

‘तिला तर न्हाईच न्हाई.’ मग पडद्याकडं बोट करून, ‘पावणं, ह्यात तिचं नाव हाय का?’

‘ती काय कुस्ती खेळती का, दाजी?’ मी हसायला गेलो, पण जमलं नाही.

‘घाला. आजच घाला. उद्या ती म्होरं ईल आन मी असा थांबलो, तर काय वाटंल तिला?’

मी यंत्र मांडीवर घेतलं आणि आक्काचं नाव लिहिलं. दोनदा खोडावं लागलं. दाजी शेजारून एकेक अक्षर बघत होते. म्हटलं, ‘पुढं काय लिहू?’

दाजींनी डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

‘माझी हाय, एवढंच घाला. बाकीचं तिला बगून कळंल मला.’