खंडेनवमीची तोफगाडी

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की सिंगापुरातला क्लेमेंटीचा जुना फ्लॅट आठवतो. मुलाने प्लॅस्टिकचे भाग चिकटवून दुसऱ्या महायुद्धातली जर्मन तोफगाडी बनवली होती. लॅपटॉपशेजारी पाटावर ठेवून आम्ही तिलाही हळदकुंकू आणि फूल वाहिलं होतं.

ऑफिसातली जर्मन मैत्रीण हाना जेवायला आली होती. मी तिला कौतुकाने सांगत होते, रणगाड्यावरचा फिरता बुरूज काढून टाकला म्हणून ही बुटकी आणि स्वस्त झाली, मग पुढे तोफेची नळी लांब केली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही हिला नमस्कार करता?"

"ज्याच्यावर घर चालतं, त्याला करतो."

तिने गाडीकडे बोट केलं. "आमचं घर हिच्यावरच चाललं. आजोबा कारखान्यात हिची ड्रॉइंग्ज काढायचे. गाडी कुठे जाते, ते त्यांनी कधी विचारलं नाही."

मी खाली मान घालून गाडीवरचं फूल उचललं.

तेव्हा लाज वाटली ती पाहुणीला दुखावल्याची. मी ज्या कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहिते, ते कुठे बसवतात हे मी अजून विचारलेलं नाही. आज टॅम्पिनीसच्या नव्या घरात लॅपटॉपवर फूल ठेवलं, पण हात जोडवेनात.