ताई आणि फुरसं

माझे आवडते साप कोणते, असं कोणी विचारलं की मी दोन सांगतो. बिनविषारींमध्ये धामण आणि विषारींमध्ये फुरसं. धामणीचं कोणाला काही वाटत नाही. भाताच्या भाऱ्यांची रचलेली उडवी असते तिच्याभोवती उंदरांमागे फिरणारी लांबलचक, भित्री धामण आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेली असते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं म्हणून लोक तिला मारायचे आणि मी त्यांच्याशी वाद घालायचो. फुरशाचं नाव काढलं की मात्र माणसं माझ्याकडे निरखून बघतात. हातभरसुद्धा नसलेलं हे मातकट जनावर कातळावर दगडाआड बसतं आणि डिवचलं तर खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. चावण्याआधी सांगतं, म्हणून ते मला आवडायचं.

हे कळायला लागलं कॉलेजात. ऐंशीच्या दशकात आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. हातखंब्याजवळच्या गावातून एसटीने रत्नागिरीला जायचो. प्राणिशास्त्राचे सर मला बरण्यांतले साप बाहेर काढून बघू द्यायचे. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. संध्याकाळी घरी आलो की शिकलेलं सगळं ताईला सांगायचो. मी शिकावं म्हणून ताई चौथीनंतर शाळा सोडून आईबरोबर शेतात राबली होती. ती तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची की, तुझ्यासाठी मुलगीसुद्धा वारुळातूनच आणायला लागणार.

मी शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीनंतर सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, गवत कापताना तिच्या बोटाला फुरसं चावलं. वाऱ्यात सुकं गवत वाजत होतं, त्यात तिला आवाज ऐकू आला नाही. बायकांनी तिला वाडीतल्या एका आजोबांकडे नेलं. ते सापाच्या विषावर मुळी उगाळून द्यायचे, पैसे घेत नसत. ताईने मुळी घेतली. बोट सुजलं होतं, पण ती शुद्धीवर होती, बोलत होती. उतार पडला, आता घरी जाऊन पड, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आमच्याकडे अशीच माणसं जायची. पहिल्या दिवशी बरी दिसायची, आणि मग हिरड्यांतून रक्त यायला लागायचं.

ताई उठलीच नाही. म्हणाली, "माजा भाव सांगतो, फुरसा लगेच मारीत नाय. मना दवाखान्यात न्या."

आजोबांना राग येईल असं बायकांना वाटलं. पण त्यांनी खांद्यावर पंचा टाकला, स्वतः हमरस्त्यावर जाऊन चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक थांबवला आणि ताईला घेऊन पुढे बसले.

हे सगळं मला नंतर कळलं. वाडीतला एकजण कॉलेजात निरोप घेऊन आला आणि मी धावत सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ताईचं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा त्यांनी नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठायला हवं होतं. त्याचा अर्थ मला पुस्तकातून माहीत होता, आणि तो माहीत नसता तर बरं, असं तेवढं एकदाच वाटलं. सर्पविषावरची लस सलाईनमधून सुरू झाली होती. रात्रभर आई ताईच्या पायाशी बसून राहिली.

सकाळी डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. थोड्या वेळाने येऊन त्यांनी नळी ताईच्या डोळ्यांसमोर उलटी धरली. थेंबही सांडला नाही. ताई ती नळी बराच वेळ बघत राहिली.

"ह्या परीक्षेत येतां काय रे?"

येतं, म्हटलं.

"मग नीट लिव."

मी बाहेर आलो. आजोबा व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या जागी झोपले होते. त्यांना हलवून सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि मला आधी फाटकाकडे पाठवलं. ट्रकवाला चिरे उतरवून रात्रीच परत आला होता आणि काय झालं ते कळल्याशिवाय पुढे जायला तयार नव्हता.