आबांची नळी

रांजणगावच्या कंपनीत माझं काम म्हणजे नळीवर संशय घेणं. दवाखान्यात लागणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे जंतूंच्या पाण्यात ठेवायचे, धुवायचे, मग वरून रंग टाकायचा. स्वच्छ दिसणारा तुकडाही जांभळा होतो. जंतू प्लास्टिकला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात. मग ते धुण्याला दाद देत नाहीत आणि औषधालाही फारशी नाही. नव्या मुलींना मी हे शिकवते, जरा तोऱ्यातच.

गावी, न्हावऱ्याला, माझ्या वडिलांना, आबांना, लघवीची नळी बसवलेली होती. महिन्याला बदलली नाही तर जीवावर बेतेल, असं मी थोरल्या भावाला शंभरदा बजावलं होतं. मी सुट्टीला घरी गेले की आबा धोतर ओढून घ्यायचे. लेकीनं असलं बघायचं नाही. म्हणून दादा दर महिन्याला फोटो पाठवायचा. नळी चकचकीत, पिशवी चकचकीत. "बदलली गं बाय, आता तरी गप बस." मी गप्प बसायचे.

मग आबांना हुडहुडी भरून ताप आला. मी शिरूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा नर्सनं नळी काढून ट्रेमध्ये ठेवली होती. आतलं टोक पिवळट, खरखरीत, वर बुळबुळीत साय. महिन्याभराची नळी अशी होत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आबा लई वरडायचे बदलताना," दादा खाली बघत म्हणाला. "मग मी रोज धूत व्हतो की. गाईच्या धारंच्या मशिनच्या नळ्यांवानी, सोड्याच्या गरम पाण्यानं. वास सुदीक न्हवता."

धुतला होता तो बाहेरचा भाग. त्यानं आळस केला नव्हता, याचाच मला जास्त संताप आला. फोटो पाठवून मला फसवायचं काय कारण होतं?

मी आत आबांकडे गेले. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. तापात आबा मला नर्सच समजले.

"बाई, माज्या पोरीला काय सांगू नगा. मीच म्हनलं त्याला, फोटू धाड तिला."

दोघांनी मिळून मला गंडवलं होतं. मास्क खाली करून ओरडावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं, "नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी आबा गेले. माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं तेवढंच. तेही माझ्यापासून लपवायचं म्हणून.