उकडलेल्या जिव्हाळ्या

बाराव्या वर्षी मी सनईच्या सात जिव्हाळ्या, म्हणजे तोंडात धरून फुंकायची पाती, उकडल्या. चहाच्या गंजात, म्हणजे आमच्याकडच्या पातेल्यात, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून. स्वच्छतेच्या नावाखाली एवढा मोठा गाढवपणा अख्ख्या चिमूर तालुक्यात दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आठवण निघाली नातीमुळे. ती पुण्यात ओबो शिकायला लागली आहे. ओबो म्हणजे आपल्या सनईची विलायती मावसबहीण. तिच्याही तोंडाशी तशीच दोन पात्यांची जिव्हाळी. परवा फोनवर रडकुंडीला आली होती. "आजी, तीन आठवडे झाले, सर वाद्य हातातच देत नाहीत. नुसती जिव्हाळी फुंकायला लावतात." मला हसूच फुटलं. लटारूभाऊ पुण्यात कधी जाऊन आले म्हटलं!

लटारूभाऊ आमच्या गावचे वाजंत्री. बाया तांदूळ निवडताना खडा शोधतात तसे ते एक डोळा मिटून प्रत्येक जिव्हाळी उन्हात धरून बघायचे. ताडाच्या पानाची, नखाएवढी वस्तू. पान दूर सिरोंचा गावाकडून यायचं, आणि कापून, बांधून, मुरवून एक जिव्हाळी तयार व्हायला महिना जायचा. भाऊंच्या गालात तंबाखू कायम. पण सनईला हात लावण्याआधी तांब्याभर पाण्याने चुळा भरणार म्हणजे भरणार. पहिल्या दिवशी मी त्यांना गुरुजी म्हटलं, तर म्हणाले, "गुरुजी तं तुहा बाप हाये. मले भाऊ म्हन."

बाप खरंच शाळामास्तर. पोरीच्या जातीनं सनई वाजवायची, यावर निम्मं गाव हसलं होतं. माझ्या हट्टापुढे बाबा वाकले, पण अट घालूनच : "लटारूभाऊंची एक जरी तक्रार आली, तर शिकणं बंद."

महिनाभर मी नुसती जिव्हाळी फुंकली. गाल फुगायचे, डोळे बाहेर यायचे, आवाज मात्र बदकाचा. "काऊन वं पोरी, चूल फुंकून राह्यली का?" ते विचारायचे. मग सूर धरायला बसवलं. दुसऱ्या सनईवर एकच स्वर, न तुटता. लग्नात हे काम त्यांचे धाकटे भाऊ चिंधूभाऊ करत. मी कंटाळून म्हटलं, "भाऊ, मला गाणं वाजवायचंय." "गानं कोनीबी वाजवते. सूर धरनारा मिळत नाई."

मग आला उन्हाळा, आणि पाटलांच्या मुलीचं लग्न. आदल्या दिवशी भाऊंनी जिव्हाळ्यांची डबी माझ्या हातात दिली. "मी मांडवासाठी जांभळीच्या डाहाळ्या आनाले चाल्लो. घरी उंदरं लै झाले. तू सांभाळ." मी डबी उघडली. सगळ्या जिव्हाळ्या तपकिरी! मी शहाणी, मला वाटलं, तंबाखूचे डाग. वर्षानुवर्षं वाजून चढलेला तो रंग होता, हे कुणी सांगायचं? भाऊंना चकित करू म्हणून गंज चुलीवर ठेवला.

चकित मीच झाले. दोरे सुटले, पाती फाकली. सातही जिव्हाळ्या पावसाळ्यातल्या बेडकांसारख्या आ वासून माझ्याकडे बघत होत्या.

सकाळी डबी घेऊन भाऊंकडे गेले. भाऊंनी झाकण काढलं. एक जिव्हाळी उचलली, सवयीनं उन्हात धरली, दुसरी धरली. मग म्हणाले, "मीठ टाकलं होतं का?"

मी भोकाड पसरलं आणि रडत रडत गंज, चूल, सोडा सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. दुमडीत एक जुनी, ताठर जिव्हाळी होती. "हे माह्या सनईले झाली. सुराच्या सनईले काई नाई." चिंधूभाऊ म्हणाले, "मंग मी जेवाले मोकळा!" लटारूभाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "सूर हे धरन. तोंडानं."

आणि मी धरला. भर मांडवात, भाऊंच्या पाठीशी उभी राहून, "आऽऽ" करत. पोरं खिदळली, बायांनी पदर तोंडाला लावले. दम तुटला की भाऊ सनई न सोडता नुसता डोळा फिरवायचे, की मी परत सुरू. अक्षता पडेपर्यंत घशाचं खोबरं झालं. पण मधेच कधीतरी त्यांची सनई माझ्या आवाजावर येऊन बसली, जशी म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो. आणि मी म्हैस असूनही मला फार बरं वाटलं.

जेवणावळीत बाबा भाऊंपाशी येऊन थांबले. माझ्या हातातला बुंदीचा लाडू तिथेच राहिला.

"भाऊ, आज दुसरी सनई नव्हती? पोरीनं काही केलं का?"

भाऊंनी शांतपणे चूळ भरली. तंबाखूची पुडी काढली. "काई नाई, गुरुजी. पोरीचा दम पायला. चांगला हाये."

बाबा मान हलवून पंगतीकडे गेले. माझा श्वास सुटला तो इतका मोठा, की तेवढ्यावर एक मंगलाष्टक निघालं असतं.

भाऊ जाऊन आता किती वर्षं झाली. पण त्या लग्नाच्या दिवशी मांडवातून निघताना चपला घालता घालता ते माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"उद्या लवकर ये. अन् थो गंज घेऊनच ये. जिव्हाळी उकडा लागतेच, पोरी. पन बांधाच्या आधी."