पांढऱ्या काठाची तगर

बिदरला मैलूरमध्ये घर बांधलं तेव्हा अंगणातल्या लिंबाखाली काय लावावं हा प्रश्नच होता. सकाळचं थोडं कोवळं ऊन, मग दिवसभर सावली. मी हौसेनं पांढऱ्या काठाची तगर आणली. गुडघ्याएवढं झुडूप, बारमाही हिरवं, पानांच्या कडेला दुधाचं बोट पुसल्यासारखा पांढरा रंग. कडक उन्हात ती कड करपते, म्हणून ही जागा तिला मानवली.

त्याच उन्हाळ्यात आई औरादहून इलाजासाठी माझ्याकडे आली. रिक्षातून उतरली ती पाय धुवायच्या आधी झुडपाशीच थांबली.

"ह्याला केवडा पडलाय की. असलं रोगट झाड कामून आणलीस गं?"

तिचा जन्म मुगाच्या शेतात गेलेला. केवडा पडून पानं पांढरीपिवळी झाली, की ते रोप ती मुळासकट उपटायची, रोग पसरू नये म्हणून. तिथे दयामाया नाही. "आई, ते असंच असतंय," मी हजारदा सांगितलं. ऐकेल तर ती आई कसली! आता उपटणार, असं मला वाटलं. पण ती तिथेच पायरीवर टेकली. म्हणाली, "राहू दे. बरं होतंय ते. मी हाय की बघायला."

मग रोज आंबट ताक पाण्यात कालवून पानांवर शिंपडणं सुरू झालं. अंगणभर वास, माश्या. मी चिडायचे, ती हसायची.

पावसाळ्यात बुडातून एक संपूर्ण हिरवी फांदी फुटली. अशी फांदी लगेच कापायची असते, नाहीतर ती जोमानं वाढते आणि पांढऱ्या काठाच्या फांद्या मागे पडत जातात. मी कात्री घेऊन बाहेर आले, तर आई त्या फांदीवरून हात फिरवत बसलेली.

"बघ, सुधारायलंय! आता माझं बी होतंय बघ."

त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी कात्री आत नेऊन ठेवली.

दिवाळीच्या आधी आई गेली.

हिरवी फांदी वाढतच राहिली. नर्सरीवाला येताजाता म्हणतो, "अक्का, कापा ते, झाड बिघडायलंय." त्याला काय सांगू? पायरीवर कुणी बसलेलं चालत नाही मला. परवा नीट पाहिलं, पांढऱ्या काठाचं एकही पान उरलेलं नाही.

झाड पुरतं बरं झालंय, आई. मला तू बरी व्हायला हवी होतीस.